उस्ता सफ्दरचा कान

उस्ता सफ्दरला दोन वर्षांपासून धड ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट अख्ख्या तबरीझमध्ये दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको सय्यारा. अगदीच ठार बहिरा झाला होता असं नाही. समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, जरा चढ्या आवाजात बोललं तर डाव्या कानाला कळायचं. पण थेंब? थेंबाचं नाव काढू नका.

आणि उस्ताचं सगळं नाव तर थेंबावरच उभं होतं.

घर गरम ठेवणारा गरम पाण्याचा रेडिएटर उघड्यावर गळत असेल तर ते आंधळ्यालाही कळतं. खाली पाणी साचतं, गालिचा भिजतो, घरातली बाई आवाज चढवते. पण पाइप भिंतीत किंवा फरशीखाली गळायला लागला, की भलेभले मिस्त्री सगळं घर उकरून ठेवायचे आणि वर तोंड करून सांगायचे, सापडत नाही. उस्ता सफ्दर तसं करत नसे. हातभर लांब पेचकसाचं टोक पाइपावर टेकवायचा, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचा. घरातल्या बायका पोरांना दटावून गप्प करायच्या, चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारखालची आच बंद व्हायची. मग उस्ता डोळे उघडायचा आणि म्हणायचा, खिडकीपासून तिसरी फरशी. फोडली की तिसरीच निघायची. चाळीस वर्षांत त्याने एकही फरशी चुकीची फोडली नव्हती. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं, पण एकदा भर चहाच्या दुकानात तो बोलून बसला, की ज्या दिवशी चुकीची फरशी फोडीन त्या दिवशी पाना खुंटीला टांगीन. माणसाने असलं काही बोलू नये. लोक उपकार विसरतात, पण असलं बोलणं नाही विसरत.

तेहरानच्या मुलीने कानाचं यंत्र पाठवलं होतं. चिंचोक्याएवढं, गव्हाळ रंगाचं. ते सय्याराने कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं होतं आणि उस्ता त्या खणाकडे ढुंकूनही बघत नसे. त्याचं म्हणणं असं, की कानात यंत्र घालून गळती शोधायला गेलो तर लोक मला कामाला बोलावतील की दवाखान्यात पोचवतील? म्हणून दोन वर्षं तो सोपी सोपी कामं धरून होता. रेडिएटरमधली हवा काढायची, जुने व्हॉल्व बदलायचे, थंडीआधी बॉयलर साफ करायचा. भिंतीतलं काम आलं की त्याची कंबर दुखायची.

पण सोलमाझ खानमला कंबर सांगून चालणार नव्हतं. बाहेर उणे चौदा, रस्त्यावर गुडघाभर बर्फ, आणि अनार गल्लीतल्या त्या चार मजली इमारतीचा बॉयलर उस्ताने स्वतःच्या हाताने बसवलेला, तीस वर्षांपूर्वी. सोलमाझ खानम पहिल्या मजल्यावर राहायची. तिच्या दिवाणखान्याच्या छतातून पाणी ठिबकत होतं, आणि ठिबकायला त्या पाण्याला सगळा दिवाणखाना सोडून नेमका लाल सोफाच सापडला होता. शुक्रवारी दुपारी चारला तिच्या मुलीला, सेविलला, मागणी घालायला मुलाकडचे येणार होते. मुलाच्या आईला त्याच सोफ्यावर बसवायचं होतं. आज बुधवार होता.

उस्ता पोचला तेव्हा जिन्यात सगळी इमारत गोळा झालेली. सोलमाझ खानमच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, निवृत्त कर्नल बेहबूदी. तिसऱ्यावर भूमितीचे दानिशवर मास्तर. चौथ्यावर मशदी एवाज, तीस वर्षं बंदरापर्यंत ट्रक चालवून आता घरी बसलेला विधुर. छत सोलमाझ खानमचं, म्हणजे पाणी कर्नलचं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण तसं तोंडावर म्हणायची आमच्याकडे रीत नाही. आमच्याकडे तारोफ आहे. समोरच्याला जे द्यायची मुळीच इच्छा नसते तेच हात छातीशी नेऊन त्याच्यापुढे करायचं आणि त्याने ते घ्यायचं नाही, यालाच आम्ही चांगलं वळण म्हणतो.

तेव्हा कर्नलसाहेब छातीशी हात नेऊन म्हणाले, की खानम, माझी फरशी तुमच्यावरून ओवाळून टाकली, उस्तांनी वाटेल तिथे फोडावी. सोलमाझ खानम म्हणाली, अल्ला तुमची सावली आमच्यावर ठेवो, तुमच्या फरशीला धक्का लागण्याआधी माझं छत कोसळलं तरी चालेल. मास्तर म्हणाले की मग आमचीच फोडा. इमारतीतले सगळे एकमेकांना आपापल्या फरश्या वाहत होते, आणि उस्ता जिना चढू लागताच कर्नलसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन, डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की गालिच्याखाली अक्रोडाचं लाकूड बसवलंय, नवंकोरं, तेवढं सांभाळा.

उस्ताने पेचकस काढला. कर्नलच्या दिवाणखान्यात गुडघ्यावर बसला, टोक पाइपावर, मूठ कानामागे, डोळे मिटले. सगळे श्वास रोखून उभे. उस्ताला ऐकू आली ती फक्त स्वतःच्या डोक्यातली एक लांबलचक शांतता. त्याने जागा बदलली, दुसरा रेडिएटर, तिसरा. तीच शांतता. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि चाळीस वर्षांत खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तो खरं तेच बोलला.

"इथे काही ऐकू येत नाही."

कर्नलसाहेबांचा चेहरा असा उजळला की जणू बढती मिळाली. त्यांनी उस्ताचा खांदा थोपटला, बायकोला चहा टाकायला सांगितला. मास्तरांकडेही तेच झालं. उस्ता म्हणाला, इथेही काही ऐकू येत नाही, आणि मास्तरांनी त्याच्यापुढे पिस्त्यांची वाटी ठेवली. सोलमाझ खानमने खात्री म्हणून स्वतःचं घरही ऐकवून घेतलं. तिथेही काही नाही. ज्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रोज वीतभर कमी होत होतं ती इमारत उस्ताच्या कानाने संपूर्ण निर्दोष सोडली.

सोलमाझ खानम कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे उस्ता, माझं छत काय आनंदाश्रू ढाळतंय?"

एवढ्यात वरून मशदी एवाज खाली आला. आडदांड माणूस, सुपासारखे हात, बोलणं सरळ. तो म्हणाला की गळती माझ्याकडे आहे. माझ्या पलंगाच्या उशाला, भिंतीत, कपाटामागे. तीन रात्री मी टिकटिक ऐकतोय. चला, भिंत फोडा.

सगळ्यांचे डोळे पाणावले. केवढं हे मन. बिचारा एकटा माणूस, कपाटात गेलेल्या बायकोची चिनी मातीची भांडी रचून ठेवलेली, आणि शेजारणीची मुलगी उजवावी म्हणून स्वतःची भिंत फोडून घ्यायला निघालाय. सोलमाझ खानमने त्याच्या आईवडिलांसाठी जन्नत मागितली. कर्नलसाहेब म्हणाले, माणूस असावा तर असा. मशदी म्हणाला, अहो खरंच माझ्याकडे आहे. यावर मास्तर हसून म्हणाले की मशदी, तुमचा मोठेपणा डोक्यावर, पण चौथ्या मजल्यावरचं पाणी तिसरा आणि दुसरा सोडून पहिल्यावर कसं उतरेल? भूमितीत बसत नाही.

पाणी भूमिती शिकलेलं नसतं हे उस्ताला पुरेपूर माहीत होतं. उभ्या पाइपाच्या अंगाअंगाने ते चार मजले गुपचूप उतरतं आणि वाटेल तिथे बाहेर पडतं, हे त्याने स्वतः शंभर वेळा पाहिलं होतं. पण मशदीने इतक्या आग्रहाने भिंत पुढे केली होती, की ती घेणं म्हणजे भरल्या ताटावरून त्याला उठवण्यासारखं झालं असतं. शिवाय वर जायचं म्हणजे पुन्हा पेचकस, पुन्हा डोळे मिटणं, पुन्हा ती शांतता. उस्ताने छातीशी हात नेला, मशदीला म्हणाला की तुमची माया कमी न होवो, आणि जिना उतरला. एवढी एकच भिंत त्याने ऐकली नाही.

घरी सय्याराने आश, म्हणजे कडधान्यांचं दाट सूप, वाढलं. स्वयंपाकघरातल्या रेडिएटरखाली तिने नेहमीप्रमाणे पितळी वाटी ठेवली होती. आमच्याकडे थंडीत घराघरांत रेडिएटरजवळ पाण्याची वाटी असते, हवा कोरडी पडू नये म्हणून. उस्ताने पेचकस टेबलावर ठेवला आणि तो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. सय्यारा समोर आली, त्याला ओठ दिसतील अशी बसली आणि म्हणाली की खण उघडू का. उस्ता म्हणाला, उघडलास तर मी जेवणार नाही. ती म्हणाली, मग काय, उद्या चुकीची फरशी फोडणार?

"फोडली तर पाना टांगीन. तसं बोललोय."

"आणि पाना टांगून काय करणार? दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसणार?" सय्याराने पुढे आशचा वाडगा सरकवला. "त्यापेक्षा खण बरा."

उस्ताने वाडगा जवळ ओढला. त्याला आपली लाज वाटत होती आणि तिच्यापुढे वाटत होती म्हणून जास्त वाटत होती.

गुरुवारी प्रकरण हातघाईवर आलं. सोफ्यावरची बादली रात्रीत भरली होती. सोलमाझ खानमने तारोफ गुंडाळून बाजूला ठेवला आणि जाहीर केलं, की कर्नलसाहेबांनी परवानगी दिलीय, काल सगळ्यांसमोर दिलीय, तेव्हा उस्तांनी त्यांची फरशी फोडावी. कर्नलसाहेब बोलले ते बोलले, आता माघार कशी घेणार? आपल्याच तोंडाने आपलं लाकूड गमावून बसले होते. त्यांनी स्वतः गालिचा गुंडाळला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

उस्ता त्या लाकडावर गुडघे टेकून बसला. हातात खडू. छत ओलं कुठे झालंय ते त्याने खालून मोजून आणलं होतं. अंदाजाने एक फुली मारायची, बस्स. दहातल्या सहा वेळा अंदाज खरा ठरतो. पण चाळीस वर्षांत त्याने अंदाजाने फुली मारली नव्हती, आणि उरलेल्या चार वेळा त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होत्या. खडू लाकडावर टेकला, ठिपका उमटला, आणि उस्ताने तो अंगठ्याने पुसून टाकला.

तो म्हणाला की आज बाजारात गर्दी आहे, गाड्यांचा आवाज फार आहे, उद्या शुक्रवार, सकाळी गल्ली शांत असते. सकाळी सात वाजता येतो. सांगतो म्हणजे सांगतोच.

सोलमाझ खानम म्हणाली की उद्या चारला मुलाची आई त्या सोफ्यावर बसणार आहे, छत्री देऊ का तिला? कर्नलसाहेबांनी मात्र गालिचा क्षणात परत अंथरला.

आणि जिन्यात मशदी पुन्हा आडवा आला. या वेळी तो चिडला होता. त्याने बायकोच्या कबरीची शपथ घेतली, की मी तारोफ करत नाहीये, माझी भिंत फोडा. मास्तरांच्या बायकोने हे ऐकून डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले. बायकोच्या कबरीची शपथ घालून स्वतःची भिंत फोडायला सांगणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. मशदीने छताकडे बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडे, आणि टोपी घालून तो बाजाराकडे निघून गेला. लोक म्हणाले, बिचाऱ्याला गहिवरून आलं.

शुक्रवारी सकाळी उस्ता अनार गल्लीत शिरला तेव्हा त्याचा निश्चय झाला होता. सगळ्यांना जिन्यात बोलवायचं, आणि सांगून टाकायचं की मला ऐकू येत नाही, दुसरा उस्ता बघा. पाना मी आजच टांगतो. वाटभर त्याने ती वाक्यं मनात घोळवली होती. पहिलं वाक्य तयार करून तो आत शिरला, तर सोलमाझ खानम दारात हसत उभी.

छत ठिबकायचं थांबलं होतं. रात्रीतून. सोफा कोरडा, बादली रिकामी. फक्त छतावर, जिथून पाणी पडायचं तिथे, थाळीएवढं पिवळंधमक वर्तुळ उमटलं होतं. मास्तर हातात पेला घेऊन धावत आले. ते रेडिएटरची हवा काढायला गेले तर आत पिवळं पाणी. कर्नलसाहेबांकडेही पिवळं. कर्नलसाहेबांचं मत पडलं की हा काहीतरी रासायनिक प्रकार असावा, कुणी हात लावू नये.

उस्ताने पेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग त्याने वास घेतला. कान गेला होता, पण जीभ आणि नाक शाबूत होतं.

हळद.

ट्रकचा रेडिएटर आडरानात गळायला लागला, की ड्रायव्हर लोक त्यात मूठभर हळद टाकतात. ती फुगते, भोकात जाऊन बसते आणि पुढच्या गावापर्यंत निभावतं. तबरीझपासून बंदरापर्यंतचा कुठलाही ड्रायव्हर हे सांगेल. आणि या इमारतीत तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस एकच होता. उस्ताने गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढायला सुरुवात केली. बाकीचे त्याच्यामागून.

मशदीचं दार उघडंच होतं. कपाट त्याने एकट्याने ओढून खोलीच्या मधोमध आणलं होतं, भांडी पलंगावर हारीने मांडलेली. आणि पांढऱ्या भिंतीवर, पलंगाच्या उशाशी, लग्नाच्या मांडवातल्या जाजमाएवढा मोठा पिवळा डाग पसरला होता आणि अजून पसरत होता. हळद उभ्या पाइपाभोवतीच्या फटीत जाऊन बसली होती. पाण्याची खाली जायची वाट तिने बंद केली, पण भोक तसंच राहिलं, तेव्हा पाण्याने गिलाव्यातून बाहेरचा रस्ता धरला. मशदी समोर खुर्ची टाकून, मांडीवर हात ठेवून बसला होता. शेजारी हळदीची दोन रिकामी पाकिटं, किलो किलोची. गच्चीवरच्या टाकीत पूर्ण दोन किलो ओतून ढवळून आला होता.

"आता तरी दिसतंय का?" तो म्हणाला.

मास्तरांच्या बायकोला तरीही वाटलं की मशदीने हे सेविलसाठीच केलं.

उस्ताला अचानक हसू फुटलं. तो हसत हसत खाली बसला आणि पिशवीतून छिन्नी काढली. इथे ऐकायचं काही नव्हतं. इथे बघायचं होतं, आणि बघायला तो कुणाच्या बापाला हरत नव्हता. बॉयलर बंद केला, उभ्या पाइपातलं पाणी उतरवलं, आणि पिवळ्या डागाच्या वरच्या टोकाला दोन वितींचा गिलावा काढला. आत पाइप वळवणारा लोखंडी कोपरा होता, त्याच्या आट्यांवर तीस वर्षांपूर्वी गुंडाळलेला ताग कुजून काळा पडला होता, आणि जोडाच्या खालच्या अंगाला मसुराच्या दाण्याएवढं भोक. ताग उस्तानेच गुंडाळलेला. तो ओळखला त्याने, कारण उजवीकडून डावीकडे गुंडाळायची सवय त्याच्याशिवाय तबरीझमध्ये कुणाला नाही. तीस वर्षं टिकलं, वाईट नाही, असं तो स्वतःशी म्हणाला. जुना कोपरा कापला, नवा बसवला, नवा ताग, जोड बंद करायचं नवं मिश्रण, पान्याचे दोन पक्के आवळे. पाणी पुन्हा भरलं. मग घराघरांत जाऊन एकेका रेडिएटरची हवा काढली, आणि प्रत्येक घरात पिवळ्या पाण्याची एकेक वाटी निघाली. बारा वाजता बॉयलर सुरू झाला, दोनला सोलमाझ खानमच्या सोफ्यामागचा रेडिएटर हात लावू देत नव्हता. छतावरच्या वर्तुळाखाली तिने झुंबर सरकवून घेतलं.

निघताना सगळे जिन्यात जमले. सोलमाझ खानमने बदामाच्या कुराबियांचा, म्हणजे खुसखुशीत बिस्किटांचा, डबा उस्ताच्या हातात ठेवला. आणि मग सुरू झालं कौतुक. कर्नलसाहेब म्हणाले, कान असावा तर असा. बुधवारीच सांगितलं होतं यांनी, बेहबूदीकडे काही नाही. मास्तर म्हणाले, आमच्याकडेही नाही, हेही अचूक सांगितलं. फक्त एक भिंत ऐकली नाही, आणि नेमकी तिथेच गळती. कर्नलसाहेब म्हणाले की दुसरा कुणी असता तर माझं अक्रोडाचं लाकूड आज सरपण झालं असतं. उस्ताचं नाव आज एक मजला आणखी वर चढलं होतं.

उस्ताने हे सगळं ऐकलं, म्हणजे ओठांवरून वाचलं. गप्प बसला असता तर बसला असता. पण सकाळी तयार केलेलं वाक्य अजून त्याच्या घशात अडकून होतं, आणि अंदाजाने मारायला निघालेली फुली त्याला अजून डोळ्यांपुढे दिसत होती. त्याने डबा पायरीवर ठेवला.

"मला काहीच ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला. "कुठेच नाही. दोन वर्षं झाली, थेंब ऐकू येत नाही मला. तुमच्या लाकडावर मी खडूने ठिपकासुद्धा मारला होता, कर्नलसाहेब. मी बहिरा आहे."

सगळे चेहरे मऊ झाले. कर्नलसाहेबांनी छातीशी हात नेला आणि मान लववली. मास्तर म्हणाले, फळांनी लगडलेली फांदीच वाकते. सोलमाझ खानम म्हणाली की उस्ता, इतकं कमीपण घेऊ नका हो, नजर लागेल तुमच्या कानाला. उस्ता म्हणाला, अहो खरंच. ते म्हणाले, हो हो, खरंच. तो जितकं सांगत गेला तितके ते भारावत गेले. कर्नलसाहेबांनी तर शेवटी असं म्हटलं, की विद्वान माणूस मला काही येत नाही म्हणतो तसंच हे. उस्ताने हात टेकले. खरं बोललं की ते पोचतंच असं नाही, हे तीन दिवस एका माणसाच्या बाबतीत त्याने पाहिलं होतं, आणि त्या माणसाला त्याने स्वतः छातीशी हात नेऊन परत पाठवलं होतं.

तो माणूस पायरीवरचा डबा उचलून त्याच्यामागून गल्लीत आला. बर्फात दोघे उभे राहिले. मशदी एवाज वळून त्याच्या डाव्या बाजूला गेला आणि स्पष्ट, चढ्या आवाजात बोलला.

"माझा विश्वास आहे. तू बहिरा आहेस."

उस्ताला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तो म्हणाला की मशदी, तुझी भिंत मी बुधवारीच ऐकायला हवी होती. मशदी म्हणाला, ऐकून काय झालं असतं, तुला ऐकू आलं नसतं. यावर दोघेही हसले, आणि मशदीने डब्यातल्या दोन कुराबिया खाल्ल्या, तारोफ न करता.

घरी पोचल्यावर उस्ता सरळ कपाटाकडे गेला आणि त्याने वरचा खण उघडला. सय्यारा भाजी चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली. त्याने ते चिंचोक्याएवढं यंत्र आधी उलटं लावलं, मग सुलटं. सय्याराने पुढे होऊन त्यावरची बारीक कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग समोवारची सूं सूं. मग खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढतंय. मग सय्याराचा श्वास, जरा धाप लागलेला, जो दोन वर्षांत इतका जड झालाय हे त्याला माहीत नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला आणि एकेक आवाज ओळखत गेला. आणि मग तो थबकला.

टिक.

मधे जरा वेळ गेला.

टिक.

चाळीस वर्षांचा कान, यंत्रातूनही चुकला नाही. उस्ता वळला. खिडकीखालचा रेडिएटर, त्याखालची पितळी वाटी. पाण्याच्या वर एक वर्तुळ पसरत होतं.

"ही वाटी," तो म्हणाला, "हवा कोरडी पडू नये म्हणून नाही?"

"तुम्हीच म्हणालात तसं. मी वाटीकडे बोट दाखवून सांगितलं, रेडिएटर गळतोय, बघा. तुम्ही मान डोलावली आणि म्हणालात, छान केलंस, थंडीत हवा कोरडी असते." सय्याराने पुन्हा सुरी उचलली. "दुसऱ्यांदाही तेच म्हणालात. मग मी सांगायचं सोडलं."

"मग दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाहीस? दोन वर्षं?"

सय्याराने आधी एक कांदा पूर्ण चिरला.

"उस्ता सफ्दरच्या घरची गळती काढायला दुसरा उस्ता आला असता तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं," ती म्हणाली. "वाटी काय, दिवसातून दोनदा ओतली की झालं."

उस्ताने मनात हिशेब करायला घेतला, दोन वर्षं, दिवसातून दोनदा, आणि सोडून दिला. तो हळूच गुडघ्यावर बसला. पेचकस काढला, टोक रेडिएटरवर टेकवलं, मूठ कानामागे, डोळे मिटले. सय्याराने जुन्या सवयीने समोवारखालची आच बंद केली.

"डाव्या बाजूचा नट," तो म्हणाला.

"माहीत आहे," सय्यारा म्हणाली. "वाटी मीच लावते ना तिथे."

उस्ताने पाना काढला आणि नट आवळायला घेतला.